मराठी पुस्तकाचं पान मांडताना: आधी ओळ ठरवा, समास नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. साठ हजार शब्दांचं मराठी गद्य पुस्तक, आकार ए५, काम इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये. मजकूर १४ पॉइंटात, ओळींतलं अंतर ‘ऑटो’, चारही बाजूंना १२ मिलिमीटर समास, दोन्ही कडा सरळ. पुस्तक २०८ पानांत बसलं आहे, पण पान गच्च दिसतं, ओळींत मध्येच पांढरी भोकं पडतात आणि वाचताना डोळा पुढची ओळ चुकतो. काय बदलायचं, आणि पानाची मांडणी मुळात कशावर उभी करायची?

तिन्ही तक्रारी निर्णयांच्या क्रमातून आल्या आहेत. आधी समास ठरले, मग उरलेल्या जागेत मोठ्यात मोठा टाइप बसवला, आणि ओळींतलं अंतर सॉफ्टवेअरवर सोडलं. क्रम उलटा करा: ओळ किती लांब, ओळींत अंतर किती, त्यातून मजकुराची चौकट, आणि कागदावर जे उरेल ते समास. पानं जास्त झाली तर पुन्हा ओळीपाशी या, समास कापू नका.

ओळींतल्या अंतरापासून सुरू करतो, कारण देवनागरीत सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. इनडिझाइनचं ‘ऑटो’ म्हणजे टाइपच्या १२० टक्के. १४ पॉइंटाला १६.८. हा आकडा रोमन लिपीला धरून आहे. रोमनमध्ये बहुतेक अक्षरं मधल्या पट्ट्यात राहतात, वर-खाली थोडीच जातात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात. खाली उकार, ऋकार आणि उभी रचलेली जोडाक्षरं असतात. शिवाय शिरोरेषेमुळे प्रत्येक ओळीच्या माथ्यावर एक सलग काळा पट्टा तयार होतो. त्याच्या वर पुरेसा पांढरा पट्टा राहिला नाही तर दोन ओळी एकमेकींत मिसळतात, आणि डोळा परत डावीकडे येताना ओळ चुकतो. वाचकांची तक्रार इथूनच येते.

सलग गद्यासाठी टाइपच्या १३५ ते १४५ टक्के अंतर धरा. १३ पॉइंटाला १८, १२.५ ला १७. आकडा फॉन्टप्रमाणे थोडा सरकतो, कारण एकाच पॉइंटात एका फॉन्टचं अक्षर मोठं दिसतं आणि दुसऱ्याचं लहान. मात्रा किती उंच काढल्या आहेत हेही वेगळं असतं. म्हणून आकड्यावर विसंबण्याआधी एक चाचणी करा. वरच्या ओळीत ‘उद्ध्वस्त वाङ्मय पृष्ठभूमी हृद्रोग’ आणि तिच्या बरोबर खाली ‘कीर्ती दुर्दैवी सर्वोच्च नैर्ऋत्य’ लिहा. वरचे उकार-ऋकार खालच्या रफारांना टेकले किंवा टेकल्यासारखे वाटले, तर अर्धा-अर्धा पॉइंट वाढवत जा. वर्डमध्ये काम असेल तर ‘सिंगल’ ठेवू नका. तिथे अंतर फॉन्टच्या आतल्या मापांवरून ठरतं आणि काही देवनागरी फॉन्टना ते अवाजवी मोठं येतं. ‘एक्झॅक्टली’ निवडून आकडा द्या. आकडा फार कमी दिलात तर पडद्यावर मात्रांचे माथे कापलेले दिसतील, म्हणजे लगेच कळेल.

आता ओळीची लांबी. रोमनसाठी ४५ ते ७५ अक्षरं असा संकेत आहे. देवनागरीत अक्षर मोजायचं कसं याचाच घोळ होतो, काना-मात्रा वेगळ्या धरायच्या का, जोडाक्षर एक की दोन. म्हणून शब्द मोजा. एका ओळीत ९ ते ११ शब्द गद्याला चांगले. १३ च्या पुढे गेलं की ओळ लांबते आणि तिला आणखी अंतर द्यावं लागतं. ७ च्या खाली आलं की दोन्ही कडा सरळ करणं जमत नाही, कारण ताण घ्यायला जागाच कमी उरतात. तुमची ओळ १२४ मिलिमीटरची आहे आणि त्यात साडेदहाच्या आसपास शब्द येतात. लांबी तशी चुकीची नाही, पण टाइप मोठा, अंतर कमी आणि कडेला हवा नाही, असं तिहेरी ओझं पानावर पडलं आहे. टाइप मोठा केला म्हणजे वाचायला सोपं, हा समज सोडलेला बरा. १४ पॉइंट गच्च लावण्यापेक्षा १३ पॉइंट मोकळं लावलेलं कधीही चांगलं वाचता येतं.

आता गणित करू. टाइप १३, अंतर १८. अठरा पॉइंट म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. २६ ओळी घेतल्या तर चौकटीची उंची १६५.१. ए५ ची उंची २१०. वर १७ ठेवले तर खाली २७.९ उरतात. रुंदी १४८ पैकी मजकुराला १०८, आतल्या बाजूला २१, बाहेर १९. अशा पानावर ओळीला दहा शब्द धरले तर भरलेलं पान २६० शब्दांचं. परिच्छेदांच्या अपुऱ्या ओळी आणि प्रकरणांच्या मोकळ्या सुरुवाती वजा जाता सरासरी २३० धरा. साठ हजार शब्दांना २६१ पानं, वर शीर्षकपान, अनुक्रमणिका वगैरे आठ, २६९. सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांत, छपाई असेल तर २७२, म्हणजे १७ फॉर्म.

तुमच्या २०८ पेक्षा हे चार फॉर्म जास्त. कागदाचा खर्च वाढणार. तो परवडत नसेल तर मधला मार्ग आहे: टाइप १२.५, अंतर १७, ओळ ११० मिलिमीटर, पानाला २८ ओळी. सतरा पॉइंट म्हणजे जवळजवळ ६ मिलिमीटर, चौकट १६८ उंच. वर १७, खाली २५, आत २०, बाहेर १८. पानाला सरासरी २६० शब्द बसतात आणि पुस्तक २४० पानांत, १५ फॉर्ममध्ये येतं. याच्या खाली उतरायचं असेल तर ए५ सोडून मोठा आकार घ्या. हे आकडे अंदाजाचे आहेत. पक्के करण्यासाठी एक सबंध प्रकरण खरोखर लावून शब्द मोजा आणि मगच छापखान्याला पानसंख्या सांगा.

समासांबद्दल पुस्तकी नियम असा सांगितला जातो: पानाची रुंदी आणि उंची नऊ-नऊ भागांत वाटायची, आत एक भाग, वर एक, बाहेर दोन, खाली दोन. टाइपोग्राफर यान चिहोल्ड यांनी जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासातून ही पद्धत पुन्हा चर्चेत आणली. रुंदी-उंचीचं प्रमाण २:३ असलेल्या पानावर आत, वर, बाहेर, खाली यांचं प्रमाण २:३:४:६ येतं. सुंदर दिसतं, पण मजकुराला पानाचा फक्त ४४ टक्के भाग मिळतो. ए५ वर हे लावलं तर १८ पॉइंटाच्या जेमतेम २२ ओळी बसतील. कवितासंग्रहाला चालेल, साठ हजार शब्दांच्या गद्याला नाही. त्यातला घेण्यासारखा भाग हा की खालचा समास वरच्यापेक्षा मोठा हवा. चौकट उंचीच्या बरोबर मध्यभागी ठेवली तर ती खाली घसरल्यासारखी दिसते. आतला समास बाहेरच्यापेक्षा लहान ठेवायचा नियम मात्र शिलाई करून पूर्ण उघडणाऱ्या पुस्तकांचा आहे. कण्याला गोंद लावून केलेल्या बांधणीत पुस्तक सपाट उघडत नाही, आतले पाच-सहा मिलिमीटर खोबणीत जातात. म्हणून वरच्या दोन्ही हिशेबांत आत थोडं जास्त दिलं आहे. १२ मिलिमीटर आतला समास असलेलं जाड पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावं लागतं, आणि मग कणा तडकतो.

चौकट ठरली की बेसलाइन ग्रिड, म्हणजे अक्षरांचा पाया बसवायच्या समान अंतरावरच्या रेघांची जाळी, लावा: सुरुवात चौकटीच्या माथ्यापासून, अंतर १८ पॉइंट. मुख्य मजकुराची प्रत्येक ओळ याच जाळीवर बसली पाहिजे. समोरासमोरच्या पानांवर ओळी एका रेषेत येतात हा एक फायदा. दुसरा कमी बोलला जातो: पातळ कागदावर मागच्या पानाची छपाई पुढे झिरपून दिसते, मागच्या-पुढच्या ओळी एकाच जागी आल्या तर ओळींमधली पांढरी जागा स्वच्छ राहते, नाहीतर तिथे करडी सावली पडते. जाळी बिघडते ती बहुतेक वेळा उपशीर्षकांमुळे. नियम सोपा आहे: शीर्षकाने व्यापलेली एकूण उंची ओळीच्या अंतराच्या पूर्ण पटीत हवी. १५ पॉइंटाचं एकोळी उपशीर्षक असेल तर वर १२, ओळीला १८, खाली ६, एकूण ३६, म्हणजे दोन ओळी. वरची जागा खालच्यापेक्षा मोठी ठेवा, म्हणजे शीर्षक पुढच्या मजकुराला चिकटलेलं वाटतं. वर-खाली समान जागा सोडली की ते कोणाचंच राहत नाही. दोन ओळींच्या शीर्षकाला तोच हिशेब पुन्हा करा.

चौकटीतली पहिली ओळ कुठे बसेल हे इनडिझाइन फॉन्टच्या मापावरून ठरवतं. शीर्षकाचा फॉन्ट वेगळा असला की त्या पानाची पहिली ओळ दोन-तीन पॉइंट वर-खाली होते. टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्समध्ये फर्स्ट बेसलाइन ‘लीडिंग’ किंवा ‘फिक्स्ड’ करून टाका.

चित्रं बसवतानाही हेच. मजकुराच्या शेजारी चित्र असेल तर त्याची वरची कड कशाला जुळवायची? चौकटीच्या काठाला जुळवली तर चित्र वर गेल्यासारखं दिसतं, कारण देवनागरीत डोळ्याला ओळीचा माथा म्हणून शिरोरेषा दिसते, तिच्या वरच्या मात्रा विरळ असतात. वरची कड शिरोरेषेला आणि खालची कड अक्षरांच्या पायाला जुळवा.

आता पांढऱ्या भोकांकडे. ती तीन कारणांनी पडतात. एक, मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून येतात, त्यामुळे ‘कार्यकर्त्यांच्यासाठीसुद्धा’ अशी लांबी सहज होते. असा शब्द ओळीत मावला नाही की सबंध खाली जातो आणि वरची ओळ ताणली जाते. दोन, हायफनेशन (ओळीच्या शेवटी शब्द तोडणं) बंद असतं किंवा मजकुराची भाषा इंग्रजी राहिलेली असते. तीन, कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी पाडणारी सोय, चुकीचा असतो.

उलट क्रमाने दुरुस्त करा. परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. हा नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येणं, जोडाक्षरं फुटणं असे प्रकार होतात, आणि त्यावर उपाय म्हणून लोक जुन्या युनिकोडपूर्व फॉन्टकडे वळतात, ते करू नका. भाषा मराठी करा. इनडिझाइनमध्ये मराठीचा हायफनेशन कोश असतो. भाषा मराठी केल्याने आणखी एक गोष्ट साधते: ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. मग हायफनेशन चालू करा, लागोपाठ दोनपेक्षा जास्त ओळी हायफनने संपणार नाहीत अशी मर्यादा घाला, आणि एकटं अक्षर पुढच्या ओळीत जात असेल तर ते हाताने सुधारा. कोश परिपूर्ण नाही. तोड प्रत्ययाच्या आधी किंवा सामासिक शब्दाच्या सांध्यावर आली तर उत्तम, जोडाक्षराच्या मध्ये कधीही नको. हाताने तोडताना साधा हायफन टाइप करू नका, ‘डिस्क्रीशनरी हायफन’ घाला, तो फक्त ओळीच्या शेवटी आला तरच दिसतो. साधा हायफन मजकूर सरकला की ओळीच्या मध्यभागी तसाच राहतो आणि छापून येतो. मराठी पुस्तकांत ‘कार्य-कर्ते’ असं भलत्या ठिकाणी दिसतं ते यामुळेच.

जस्टिफिकेशनचे आकडे: शब्दांमधली जागा किमान ७५, अपेक्षित ९५, कमाल १४० टक्के. अक्षरांमधली जागा तिन्ही रकान्यांत शून्य. यावर तडजोड नाही. रोमनमध्ये एक-दोन टक्के ढिलाई चालते. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेने सांधलेली असतात, जागा वाढवली की रेषा तुटते, कमी केली की काने एकमेकांवर चढतात. ट्रॅकिंगलाही (निवडलेल्या मजकुरातल्या अक्षरांची जागा सरसकट कमी-जास्त करणं) हेच लागू, शीर्षकातसुद्धा. ताण काढायला ‘ग्लिफ स्केलिंग’ ९८ ते १०२ द्या. अक्षराची रुंदी एवढी बदललेली डोळ्याला कळत नाही आणि शिरोरेषा अखंड राहते. एवढं करूनही एखादी ओळ ढिली राहिली तर संपादकाला विचारून एक शब्द बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. आणि अरुंद स्तंभांत, तळटीपा किंवा चित्रओळींत, उजवी कड मोकळी सोडा.

परिच्छेदाची सुरुवात दाखवायला पहिल्या ओळीला १४ ते १८ पॉइंट आत घ्या, किंवा परिच्छेदांत एक ओळ सोडा. दोन्ही एकत्र नको. शीर्षकाखालच्या पहिल्या परिच्छेदाला आत घेण्याची गरज नसते.

पानाच्या माथ्यावर आलेली परिच्छेदाची एकटी शेवटची ओळ आणि तळाशी राहिलेली एकटी पहिली ओळ टाळण्यासाठी ‘कीप ऑप्शन्स’मध्ये सुरुवातीला दोन, शेवटी दोन ओळी ठेवा. त्यामुळे काही पानं एका ओळीने आखूड होतील. समोरासमोरची दोन्ही पानं सारखीच आखूड केली तर ते खटकत नाही. उभं जस्टिफिकेशन लावून ओळी ताणू नका, इतक्या कष्टाने बसवलेली जाळी तिथेच मोडते.

मजकुरात रोमन शब्द येत असतील तर त्यांचा आकार कमी करावा लागतो. १३ पॉइंट देवनागरीशेजारी १३ पॉइंट रोमनची मोठी अक्षरं बहुतेक फॉन्टजोड्यांत थोराड दिसतात. ११ ते ११.५ वर आणा. पानोपानी हाताने न करता ग्रेप स्टाइलने, म्हणजे ठरावीक नमुन्याचा मजकूर आपोआप शोधणाऱ्या सोयीने, रोमन अक्षरांना वेगळी कॅरेक्टर स्टाइल लावता येते. त्या वेळी हायफन आणि अवतरणचिन्हं देवनागरी फॉन्टचीच राहू द्या, कारण रोमन फॉन्टचा हायफन मराठी शब्दाशेजारी खाली बसल्यासारखा दिसतो. भर देण्यासाठी तिरका ठसा वापरू नका. बहुतेक देवनागरी फॉन्टना खरा तिरका ठसा नसतो, सॉफ्टवेअर अक्षरं नुसती कलती करतं आणि काने पडल्यासारखे वाटतात. ठळक वापरायचा तर कुटुंबातला खरा ठळक, आणि तोही जपून. ठळक टाइपात ‘द्ध’, ‘ष्ठ’ यांच्या पोटातल्या जागा बुजतात.

मुखपृष्ठावर किंवा प्रकरणाच्या नावाला कडेने रेघ किंवा पारदर्शकता दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषेत गाठी दिसू लागतात. फॉन्टमधली अक्षरं तिथे किंचित एकमेकांवर येतात, म्हणून असं होतं. शीर्षक आउटलाइन करून (मजकुराचे आकार बनवून) पाथफाइंडर या सोयीने सगळे आकार एकत्र करा, मग रेघ द्या.

फॉन्ट निवडताना रूप नंतर बघा, आधी हे शब्द लावून पाहा: ‘ॲप, ऑगस्ट, ऱ्हास, दऱ्या, वाङ्मय, डोळ्यांत, ज्ञान, क्षुल्लक’. जुन्या फॉन्टमध्ये ‘ॲ’ च्या जागी चौकोन येतो, आणि ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ झाला तर अर्थच बदलतो. मोफत फॉन्टमध्ये सलग गद्यासाठी तिरो देवनागरी मराठी, शोभिका किंवा नोटो सेरिफ देवनागरी पाहा. मुक्त हा एकजाड रेषेचा फॉन्ट शीर्षकं, तक्ते, चित्रओळी यांना चांगला बसतो. पुस्तकभर दोन कुटुंबं पुरेत. श्रेणीही तीनच ठेवा: मजकूर १३, उपशीर्षक १५ किंवा १६ ठळक, प्रकरणाचं नाव २२ ते २४. एका पॉइंटाचा फरक ठेवून श्रेणी कळत नाही. वजन, जागा किंवा आकार यांपैकी काहीतरी ठळकपणे बदललं पाहिजे.

छपाईला फाइल देताना मजकूर फक्त काळ्या शाईत १०० टक्के आहे ना ते सेपरेशन्स प्रिव्ह्यूमध्ये तपासा. वर्डमधून आलेला मजकूर कधीकधी आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतल्या, काळ्यात असतो आणि रूपांतरात चारही शाया घेतो. चार प्लेट केसभर सरकल्या तरी अनुस्वार आणि बारीक मात्रा दुहेरी दिसतात. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्रांना ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेला भाग), छायाचित्रं छापायच्या आकारात ३०० पीपीआय (इंचाला पिक्सेल), रेखाटनं १२००.

शेवटचा निर्णय पडद्यावर घेऊ नका. एक प्रकरण १०० टक्के आकारात, ‘फिट टू पेज’ बंद ठेवून, दोन्ही बाजूंनी छापा, ए५ ला कापा आणि डाव्या कडेला पिना मारा, म्हणजे आतला समास खरा किती उरतो ते दिसेल. मग पान उलटं धरून हातभर अंतरावरून पाहा. मजकूर वाचता येत नसल्याने फक्त करडा रंग दिसतो. त्यात कुठे गडद पट्टे किंवा पांढरे ओघळ दिसले, तर त्या ओळींवर खूण करा आणि वर सांगितलेल्या क्रमाने, हायफन, ग्लिफ स्केलिंग आणि शेवटी शब्दबदल, असं एकेक करून सोडवा. प्रत्येक दुरुस्ती प्रकरणाच्या सुरुवातीकडून शेवटाकडे करा, कारण आधीच्या पानावरची एक ओळ सरकली की पुढच्या सगळ्या पानांचा शेवट बदलतो.